जोडी जुळेना

कान हा तिच्या अंगाचा एकच भाग होता ज्यावर नवरा हात उगारत नसे. पाठीवर मारायचा, दंडावर मारायचा, एकदा पान्याने गुडघ्यावर मारलं होतं. पण मानेच्या वर कधी नाही, कारण त्याचा सगळा धंदा तिच्या कानांवर चालत होता.

तो घरात ऐकण्यासाठी उंच, खांबासारखे स्पीकर बनवायचा. महागडे, जोडीजोडीने. लाकूडकाम तो करायचा, आतली तारजोडणी त्याचा धाकटा भाऊ करायचा, आणि जोडी तयार झाली की ती खुर्चीत बसायची. डोळ्यांवर पट्टी, समोर दोन स्पीकर. एकाच गाण्याचा आवाज दोन्हीकडून सारखा आला तर गाणारी बाई बरोबर मध्ये उभी आहे असं वाटतं. ती कुठे उभी आहे ते बोटाने दाखवायचं. नवरा एक स्पीकर मुद्दाम केसभर सरकवायचा, न सांगता, आणि तिचं बोट तेवढंच सरकायचं. या खेळात ती कधी चुकली नव्हती. करवतीच्या आवाजाने त्याचे स्वतःचे कान कधीच बोथट झाले होते, पण ते त्याच्यासमोर कोणी बोलत नसे. मोजायला माइक होता, तो धूळ खात पडलेला. दिराने एकदा माइक लावून बघू म्हटलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "माइकलाच विचारायचं असतं तर माइकशीच लग्न केलं असतं."

गेल्या आठवड्यात तिच्या हातून पॉलिशचा डबा सांडला. त्याने तिच्या खांद्यावर मारायला हात उगारला आणि ती नेमकी त्याच क्षणी वळली. पंजा सपाट डाव्या कानावर बसला. असा पंजा बसला की कानाच्या नळीतली हवा दाबली जाते, तिला जायला जागा नसते, आणि मग ती पडद्यातूनच वाट काढते. तिला आत काहीतरी कागदासारखं फाटल्याचं कळलं. त्या रात्री उशीवर ओलं लागलं. तिने अभ्रा धुऊन टाकला आणि कोणाला काही सांगितलं नाही. कान गेला हे त्याला कळलं तर मानेच्या वरचं अंगही त्याला मोकळं होईल, एवढा हिशेब तिला समजत होता.

म्हणून आज खुर्चीत बसल्यावर तिने ठोकून दिलं. बोट सरळ मध्ये धरलं.

नवरा हसला. "अगं, डावा मी हातभर मागे ओढलाय. आणि बाई मध्ये?"

त्याने न सांगता डावा जागेवर आणला, पुन्हा लावलं. पट्टीआडून तिला कोणता स्पीकर कुठे आहे ते कळत नव्हतं, आता खोटं बोलायला आधार उरला नव्हता. तिने जिथे ऐकू आलं तिथे बोट दाखवलं. उजवीकडे. त्याने उजवा मागे सरकवला. तरी उजवीकडेच. त्याने उजव्याचा आवाज कमी केला. उजवीकडेच. संध्याकाळी गिऱ्हाईक जोडी न्यायला येणार होतं. नवऱ्याने डाव्या स्पीकरची पाठ उघडली, आत हात घातला, सुरांची वाटणी करणारी छोटी पाटी उपटून बाहेर काढली आणि भावाला हाक मारली.

दीर आला तो हात पुसत. नवऱ्याने विचारलं, यातला कोणता सांधा कच्चा ठेवलास. दीर म्हणाला, एकही नाही, आणि खुर्चीमागच्या दारातून ऐकत होतो, आवाज मध्येच होता.

"तुझ्या कानांना कोणी विचारलंय, गाढवा?"

त्याने पाटी भावाच्या तोंडावर फेकली. कोपरा भुवईवर लागून रक्त आलं. मग दंड पिरगाळून त्याला टेबलाशी नेलं, त्याचा उजवा पंजा पेटीच्या फळ्या दाबून धरायच्या लोखंडी क्लॅम्पमध्ये घातला आणि दांडी फिरवली. दीर ओरडला नाही, नुसता तोंडाने हवा ओढत राहिला. कोणता सांधा, नवऱ्याने विचारलं आणि पुन्हा फिरवली.

तिने पट्टी काढली होती. "सोडा त्यांना," ती म्हणाली. "स्पीकर चांगले आहेत. माझा डावा कान गेलाय. त्या दिवशी तुम्ही मारलंत तेव्हापासून."

नवरा थांबला. तिला वाटलं, झालं, पटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर आला तो तिरस्कार.

"दिराला वाचवायला स्वतःचा कान बहिरा करतेस? एवढा पुळका?"

तिने सांगितलं, पाटी परत बसवा आणि दोन्ही स्पीकरच्या जागा आलटून पालटून बघा. दोष पेटीत असेल तर आवाज बाजू बदलेल, माझ्यात असेल तर उजवीकडेच राहील. साधी गोष्ट होती, दीर मान हलवत होता. पण नवऱ्याने स्पीकरना हातही लावला नाही. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता की यंत्र चुकेल, आमच्या घरातला कान चुकणार नाही. त्याच्या दृष्टीने चुकायला आता एकच जण उरला होता. त्याने दांडी फिरवली. या वेळी बोटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि दीर किंचाळला.

फळ्या ठोकायची लाकडी मोगरी टेबलावरच होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि दांडीवरच्या नवऱ्याच्या मनगटावर मारली. तो वळला, तिने पुन्हा मारली, त्याच जागी. दुसऱ्या वेळी हाड गेलं. तो टेबलाला घासत खाली बसला, मनगट पोटाशी धरून, आणि लहान मुलासारखा तिच्याकडे बघत राहिला. आपल्याला मारलं यापेक्षा आपल्याला मारता येतं, याचंच त्याला नवल वाटत असावं.

तिने दांडी उलटी फिरवली. दिराचा पंजा बाहेर आला तेव्हा मधली दोन बोटं भलत्याच दिशेला होती. उजवा स्पीकर चालूच होता. तिने तो बंद केला नाही.

"मला कोण नेणार?" खालून नवरा म्हणाला.

"गिऱ्हाईक येईलच संध्याकाळी," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, हाताला काय झालं. दिराने सवयीने तोंड उघडलं. मशीनमध्ये अडकला, एवढंच म्हणायला. वर्षानुवर्षं त्यांच्या घरातल्या सगळ्या जखमा सांगताना मशीननेच केलेल्या असत.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली आणि खिडकीशी वाकली. "यांचा हात यांच्या भावाने चेपलाय. माझा कान त्यानेच फोडलाय. तो माझा नवरा. आणि त्याचं मनगट मी मोडलंय, तो घरीच आहे. तेही लिहा."

बाईने वर पाहिलं, मग शेजारच्या पोलिसाला हाक मारली. दिराने चांगल्या हाताने खुर्ची ओढली आणि वहिनीला आधी बसायला सांगितलं.