बाबांच्या पाठीतलं विष

कुंडलमध्ये कृष्णातआण्णांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर आण्णा उघडेबंब. रुद्रनाथबाबांनी त्यांच्या पाठीला भंडारा चोळला आणि स्वतःच्या घरून आणलेलं तीर्थ परातीत ओतून, त्यात फडकं बुडवून पुसलं. पिवळा भंडारा लालभडक झाला.

"इष निगालं!" गर्दी ओरडली.

त्याचं असं झालं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली म्हणून मिरजेत आण्णांच्या जांघेतून नळी घालून आत अस्तर बसवलं होतं. पोट न फाडता! आण्णा हसत घरी आले. पण दोन-चार दिवसांत पाय सुजले, लघवी कमी झाली. रक्त तपासायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा म्हणाले, "किडनीत इष साचलंय, सुईनं ते काळजात जाईल. मी ते पाठीतनं काढतो. माझी पुडी घ्या." फौजेतून रिटायर झालेला गडी सुईला भ्याला.

मी त्यांचा शेजारी. माझं कोण ऐकतंय!

तीर्थाची परात उचलताना आण्णांच्या बायकोची, अंबूबाईंची, भेगाळलेली बोटं त्यात बुडाली आणि चुरचुरली. त्या थबकल्या. मग गोड हसल्या.

"बाबा, इष वडून तुमी लय दमलासा. तुमच्यात बी शिरलं आसंल. बसा पाटावर."

"नको, माय—"

"बसा की!" गर्दीनंच बाबांना बसवलं. अंबूबाईंनी भंडारा चोळला, फडकं फिरवलं. बाबांची पाठ लालेलाल!

"आगं बया, बाबांच्या बी किडन्या गेल्या!" गर्दीतून एक बाई ओरडली.

"साधू परक्याचं इष अंगावर घेतो," बाबा पुटपुटले.

अंबूबाईंनी दगडी उंबऱ्यावर भंडारा टाकून तेच फडकं फिरवलं. उंबराही लाल.

"आन् ह्याला कुठली किडनी हाय वं? पाय मुरगळल्यावर हळद-चुना लावतो, तवा बी आसंच लाल हुतंय. तीर्थ कसलं, चुन्याची निवळी हाय ही!"

हसण्याच्या गदारोळात बाबा सदरा न घालताच पसार झाले.

आण्णा मात्र हसले नाहीत. "आवं, उठा, मिरजेला जाऊ," अंबूबाईंनी त्यांचा हात धरला. "मला तुमी पायजे."

मिरजेत रक्त तपासलं. किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारं क्रिएटिनिन बरंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिनी दिसावी म्हणून आम्ही औषध सोडतो. त्याचा कधीकधी किडनीला त्रास होतो, म्हणूनच तर तपासणीला बोलावलं होतं. आणि या पुडीत काय आहे, कुणाला ठाऊक? आधी ती बंद." आण्णांना भरती केलं. डायलिसिसची वेळ येते की काय म्हणून अंबूबाई दाराशी बसून राहिल्या. हळूहळू लघवी वाढली, सूज उतरली. आण्णा घरी आले. आता तपासणीची तारीख ते स्वतःच विचारतात.

मंडळी, किडनी बिघडली तरी सहसा दुखत नाही. ती रक्ताच्या तपासणीत कळते, पाठीवरच्या रंगात नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच आधी दगडावर करायला सांगा.