बरणीतला खुब्याचा गोळा

मित्रांनो, बरणीवरच्या चिठ्ठीत मला 'नमुना' म्हटले आहे. खरे तर मी एका माणसाच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आहे, जुना आणि आता चेपलेला. खुब्याच्या खोबणीत माझे घर होते. लोक हातापायांचे कौतुक करतात. खुबा मात्र दुखल्याशिवाय कोणाला आठवत नाही.

माझा मालक कपाटे, फ्रिज, पलंग पाठीवर घेऊन जिने चढायचा. सोबतचे त्याला 'क्रेन' म्हणायचे. सगळी शाबासकी त्याच्या पाठीला मिळाली. तो भार शेवटी माझ्यावर टेकतो, हे कोणाच्या गावीही नव्हते.

त्याला दमा होता. डॉक्टरांनी आठवड्यापुरत्या दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या तो परस्पर दुकानातून आणून वर्षानुवर्षे खात राहिला. त्या गोळ्यांमुळे माझा रक्तपुरवठा आटला आणि माझा वरचा भाग आतून मेला. तो लंगडू लागला, तेव्हा बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेले.

तिथे एक इंजिनियर बाई होत्या. माझ्या स्कॅनच्या फोटोंवरून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब माझ्यासारखाच गोळा उभा केला. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडले. चालताना, जिना चढताना कोणत्या तुकड्यावर किती ताण येतो, ते यंत्र दाखवणार होते. कमी तिथे निळा रंग, जास्त तिथे लाल. माझा मेलेला भाग तग धरेल की खचेल, हे आधीच कळणार होते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझी काळजी करत होते. मला अगदी भरून आले.

बाईंनी विचारले, "काम काय करता? वजन उचलावं लागतं का?"

"छे, दुकानात बसून असतो," मालक म्हणाला.

खरे सांगितले तर काम बंद करायला लावतील, ही त्याला भीती. बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले. घर त्याच्याच पाठीवर चालत होते.

बाईंनी त्याचे एकट्याचे वजन घातले. चित्र बरेचसे निळे आले. असेच बसून काम केलेत तर खुबा इतक्यात खचणार नाही, असे त्यांनी सांगितले.

आता या माणसाची अक्कल ऐका. थाप आपणच मारली होती, हे तो घरी पोहोचेपर्यंत विसरला. कॉम्प्युटरने खुबा टिकतो म्हणून सांगितलंय, असे तो ज्याला त्याला ऐकवू लागला. पूर्वी दुखले की निदान थांबायचा, आता तेही सोडले. मी ठणकून ठणकून थकलो. यंत्राचा दाखला हाती असताना हाडाचे कोण ऐकतो?

एका सकाळी आरशाचे कपाट घेऊन तो जिना चढत होता. वळणावर मी खचलो. कपाट, आरसा आणि मालक एकदमच खाली आले.

मला काढून तिथे धातूचा गोळा बसवला आणि अवजड उचलणे कायमचे बंद झाले. बाईंनी कपाटाचे वजन घालून पुन्हा हिशेब केला. मी जिथे चेपलो होतो, नेमकी तीच जागा लालभडक दिसली.

मालक तपासणीला आला तेव्हा त्यांनी विचारले, "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडायला लावलं असतं."

"हो, लावलं असतं. आणि कदाचित हा अजून तुमच्याजवळ असता." त्यांनी बरणी पुढे सरकवली.

त्याने मला उजेडात धरून पाहिले. "एवढ्याशा गोळ्याने माझी रोजीरोटी घालवली," तो म्हणाला. बायकोने बरणी त्याच्या हातातून घेतली आणि हळूच टेबलावर ठेवली.

मित्रांनो, त्याने पहिले पाऊल टाकले तेव्हापासून मी त्याला पेलले. तुमचे काही दुखले आणि कोणी आपुलकीने विचारले, तर खरे सांगा. यंत्राला फसवता येते, डॉक्टरला फसवता येते. भार मात्र हाडावरच येतो.