तीनशे तीनवरचा उंचवटा

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. पीएचडी करणाऱ्यांत तीच वयाने मोठी. चाळिशी गाठलेली, घरी नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. हे तिचं पाचवं वर्ष होतं.

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर लेसर सोडायचा आणि परत येणारा प्रकाश तपासायचा, हे तिचं काम. बहुतेक प्रकाश गेला तसाच परत येतो. अगदी थोडा मात्र नळीच्या कंपनाला आपली ऊर्जा देतो आणि रंग किंचित बदलून येतो. नळी छातीसारखी फुगते, आक्रसते. तो बदल आलेखावर उंचवटा होऊन दिसतो आणि त्याच्या जागेवरून नळीची जाडी काढता येते. ताईच्या आलेखात तीनशे तीन या आकड्यावर नेहमी ठसठशीत उंचवटा यायचा. त्याच्या जोरावर तिचा आणि तिच्या मार्गदर्शक सरांचा एक शोधनिबंधही छापून आला होता.

एका मंगळवारी हिरवा लेसर बिघडला, म्हणून तिने शेजारच्या विभागातून तांबडा मागून आणला. या नळ्या रंगाच्या बाबतीत भारी नखरेल. एका रंगाला ओ देतील, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. तीनशे तीन मात्र जिथल्या तिथे उभा. नळीचा असता तर रंग बदलल्यावर तो विझायला, निदान बदलायला हवा होता. नळ्या ज्या सिलिकॉनच्या चकतीवर पसरायची, तसली एक कोरी चकती तिने यंत्राखाली ठेवली.

तिथेही तोच उंचवटा. नळ्यांचा पत्ता नव्हता.

नळ्यांचा आणि कोऱ्या चकतीचा असे दोन्ही आलेख छापून ती सरांकडे गेली.

सर निवृत्तीला आले होते. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला.

"कोणी बघितलंय का हे?"

"मी बघितलंय, सर."

"तसं नाही म्हणत मी. निबंध छापून दोन वर्षं झाली. कोणी हूं की चूं केलेलं नाही."

"मला झोप लागणार नाही."

"मला तरी कुठे लागणार आहे," सर म्हणाले. "बघू. उद्या बोलू."

घरी तिने जेवताना सगळं सांगितलं. मुलगी घास हातात धरून ऐकत होती. "म्हणजे आई, तू चहा समजून बशीच मोजत होतीस?"

नवऱ्याने डोळे वटारले. पण ताईलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिने संपादकांना पत्र लिहून सरांपुढे ठेवलं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. पाचव्या दिवशी सरांनी सही केली. निबंध मागे घेतला गेला. विभागातले लोक तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलू लागले.

तिने क्वार्ट्झच्या काचेवर नळ्या पसरून पहिल्यापासून सुरुवात केली. सात आठवडे हाती काही लागलं नाही. मग एका दुपारी तांबड्या लेसरखाली एकशे सत्त्याऐंशीवर बारीकसा उंचवटा आला. दुरुस्त होऊन आलेल्या हिरव्याखाली गायब. कोऱ्या काचेवर नाही. तिने पाचदा मोजलं.

सरांनी आलेख उजेडाकडे धरला. "हा खरा दिसतोय. लिहायला घ्या आता."

"उद्या घेते, सर," ताई म्हणाली. "आज घरी जाऊन झोपते."