दुसरा कान

लवू धुरी गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा फोटोच सापडला नाही. शेवटी भाचीच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मुलुंडच्या एका स्टुडिओवाल्याने मोठं करून दिलं. कापताना त्यांच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी बोटं राहून गेली. ती श्यामसुंदरची, म्हणजे चुलत भावाची. गावच्या बांधावरून दोघांचं बोलणं कायमचं बंद होतं. पण लग्नातल्या फोटोग्राफरने "जरा जवळ या" म्हटलं आणि माणसं जवळ आली. स्टुडिओवाल्याने बोटांवर शर्टाचा रंग फासला. त्यामुळे लवू धुरी भिंतीवर एका खांद्याला हवालदाराची पट्टी लावल्यासारखे दिसतात. त्यांची बायको प्रेमा हार घालते तो त्या बाजूला जरा ओढून.

मुलाने, सुबोधने, कॅमेरा घेऊन अंधेरीला रविवारचा फोटोग्राफीचा क्लास लावला तेव्हा म्हणूनच सगळ्यांत जास्त आनंद प्रेमाला झाला.

"माझो एक फोटो काढून ठेव," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीचो झालो तसो माझो होता कामा नये. समोरून काढ. दोन्ही कान दिसाक होये. आणि खांद्यावर कोण नको."

कानांचा आग्रह कुड्यांसाठी होता. मोत्यांच्या, माहेरच्या. एकच दिसली तर गाववाले म्हणणार, दुसरी मुलाने मोडून खाल्ली.

"काढू गं," सुबोध म्हणाला. "आधी शिकू तर दे."

सुबोध विमा कंपनीत क्लेम तपासायचा. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघण्यात त्याची उमर गेली होती, आणि फोटोत पोचा नीट दिसतो की नाही यापलीकडे काही बघायचं असतं हे त्याला एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गाळ्यात प्रितम सरांनी सांगितलं. सर त्याच्यापेक्षा वयाने बरेच लहान होते, पण हळू बोलायचे, त्यामुळे मोठे वाटायचे. समोरून उजेड पडला की सगळं सपाट होतं, बाजूने पडला की पोत उठतो, असं ते म्हणाले. मूड अंधारात असतो. फ्लॅश हा गुन्हा आहे.

सुबोध घरी येऊन पोत शोधू लागला. फ्लॉवरचा गड्डा खिडकीत ठेवून त्याने सकाळ घालवली; त्या दिवशी घरात नुसत्या बटाट्याची भाजी झाली. काथ्याचं पायपुसणं झालं, तवा झाला. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली होती. श्वेता, म्हणजे त्याची बायको, प्लंबरला बोलवू म्हणाली.

"थांब जरा," सुबोध म्हणाला. "चारच्या उन्हात बघायचीय."

"मग प्लंबरला चारला बोलावते."

"श्वेता, तो पोत आहे."

"वरच्या जयाताईंचा आहे तो पोत. त्यांच्या मोरीतून येतोय."

मग सरांनी चेहरा काढून आणायला सांगितलं. अट एकच, घरचा माणूस नको. "आईचा फोटो काढला की तो आईचा फोटो होतो," ते म्हणाले. "मला माणूस हवाय."

माणूस शोधायला सुबोध दोन-तीनदा बाजारात जाऊन आला, पण अनोळखी माणसापुढे कॅमेरा धरायची त्याला लाज वाटे. घरी मात्र प्रेमा जांभळी सिल्कची साडी नेसून, पावडर लावून तयारच होती. त्याने तिला खिडकीजवळ बसवलं आणि तोंड पुसायला सांगितलं.

"पावडरने पोत जातो."

"जाऊंदे. जावकच लावलंय."

तो उजेडाची वाट बघत राहिला. ताटकळून तिची मान जरा कलली, नजर कुठेतरी गेली, आणि तेवढ्यात त्याने बटण दाबलं. अर्धा चेहरा काळोखात आणि उरलेल्या अर्ध्यावर नांगरलेलं शेत. त्याने तो काळा-पांढरा केला आणि कौतुकाने तिला दाखवला.

"दुसरो कान खंय गेलो?"

"आई, तो आहे. फक्त दिसत नाही."

"तुझ्या बापाशीच्या खांद्यावरची बोटा पण अशीच हत," ती म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

क्लासमध्ये सरांनी फोटो उचलून खिडकीशी नेला. त्यांच्याकडची ही सर्वांत मोठी शाबासकी. "कुठे भेटल्या या?"

"नाहूरला," सुबोध म्हणाला. "भाजी विकतात."

"घरी कुणी?"

सुबोधने नुसती मान हलवली. ती आडवी हलली.

घाटकोपरच्या एका हॉलमध्ये क्लासचं प्रदर्शन भरलं. आदल्या आठवड्यात तिथे साड्यांचा सेल होता, त्यामुळे गर्दी बरी होती. सुबोधचा फोटो मधोमध होता, खाली चिठ्ठी: 'विसरलेली'. आमंत्रण आलं तसं त्याने सवयीने 'धुरी परिवार' ग्रुपवर ढकललं होतं. हे त्याला श्वेता जिना चढताना दिसली तेव्हा आठवलं. मागे जांभळ्या साडीत, पावडर लावून, प्रेमा.

तिला कुणी ओळखलं नाही. रंगीत, समोरून आणि दोन्ही कानांसकट ती वेगळीच बाई होती. ती स्वतःच्या फोटोपुढे उभी राहिली. शेजारी सर एका बाईंना सांगत होते, "नाहूरला भाजी विकतात. घरी कुणी नाही." त्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"भाजी कसली?" प्रेमाने विचारलं.

"पालेभाजी असावी," सर म्हणाले.

"आसतली. पोरगो आसतो तर कित्याक विकली असती."

"तेच, आजी. हे सगळ्यांना नाही कळत."

सुबोध खांबाचा पोत फार बारकाईने बघत होता. श्वेता त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "खांब ओळखीचा आहे का?"

"ह्यांचो दुसरो कान?" प्रेमा विचारत होती.

"तो मुद्दाम अंधारात ठेवलाय. बघणाऱ्याने कल्पना करायची."

"आणि कुडी? तीपण कल्पनेतच?" ती सरांकडे वळली. "तुम्ही मास्तर ना? माझो एक काढा. समोरून."

"आजी, मी तसे फोटो नाही काढत."

"तसो म्हणजे? मी गेल्यावर भिंतीक लावूचो आसा."

याला नाही म्हणता येत नाही. हॉलमध्ये उजेड कमी होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे विद्यार्थी बघत होते. त्यांनी फ्लॅश चढवला. प्रेमा ताठ बसली, कान मोकळे केले. एवढ्यात सुबोध खांबामागून पुढे आला. "आई, पदर सरकलाय," म्हणत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फ्लॅश पडला.

सरांनी कॅमेरा खाली घेतला. "आई?"

"नाहूरची," प्रेमा म्हणाली.

फोटो छापून घरी आला, आणि छान आला. दोन्ही कान, दोन्ही कुड्या, चेहरा भाकरीसारखा सपाट, एक सुरकुती नाही. डाव्या खांद्यावर सुबोधची बोटं.

"दुसरा काढूया," तो म्हणाला. "नाहीतर मी बोटं पुसून देतो. आम्हाला शिकवलंय."

"नको. पुसू नको नि रंगय फासू नको." तिने तो फोटो नवऱ्याच्या फोटोशेजारी धरून पाहिला. "ह्यांच्या खांद्यावर शामसुंदर, माझ्या खांद्यावर तू. दोघांचोय हात फोटोपुरतो. जोडी बरी दिसता."



फोटो लगेच लावायचा असं तिने ठरवलं. नंतर हे लोक कुठे लावतील याचा भरवसा नव्हता. ओलीची चौकशी करायला आलेल्या जयाताईंनी टेबलावरची फ्रेम बघून पटकन हात जोडले, आणि मग स्वयंपाकघरातून प्रेमा चहा घेऊन आली तेव्हा कपाऐवजी भिंतच धरली.

"हार घालतलास तेव्हा डाव्या बाजूक ओढून घाल," प्रेमा श्वेताला दाखवत होती. "बोटा झाकतत."

खिडकीतून ऊन बाजूने येत होतं. फ्रेमवर टेकवलेल्या तिच्या हाताचा पोत फार सुंदर उठला होता. सुबोध कॅमेरा घेऊन हळूच खाली बसला.

"आणि तू," ती मान न वळवता म्हणाली, "तो कॅमेरो ठेव. खिळो ठोक."