मामाचा डावा डोळा

“तुमच्या या पेशींना कसं कळतं, की आपल्याला डोळा व्हायचंय, नाक नाही?”

हा प्रश्न मी माइकवरून विचारला, तोही भरलेल्या सभागृहात. विचारून दाखव, अशी पैज माझ्या दोन मैत्रिणींनी, ढमीने आणि काडीने, लावली होती. त्यांचंही बरोबर होतं. वर्षभरापूर्वी मी वर्गात ‘हजर’सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायचे. मग वादविवाद स्पर्धेत पहिली आले आणि तोंड जे सुटलं ते सुटलंच. मामा मला ‘भोंगा’ म्हणायला लागला.

सभागृहात आम्ही आलो होतो मामासाठी. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो आणि शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने मरत चाललाय. त्याला जग पाइपातून बघितल्यासारखं दिसतं. सुईत दोरा तो पहिल्या फटक्यात ओवतो, पण पायाशी ठेवलेली बादली हमखास लाथाडतो. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं होतं, सध्या औषध नाही, स्टेम सेलवर, म्हणजे मूळ पेशींवर, संशोधन चालू आहे, तुमचं नाव यादीत ठेवतो, थांबा. दोन वर्षं तो थांबला होता. आणि आता एका खासगी क्लिनिकचे डॉक्टर व्यासपीठावरून सांगत होते, की थांबायची काही गरज नाही.

माझ्या प्रश्नाला सगळे खो खो हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, “अरे, टाळ्या वाजवा या मुलीसाठी! ही उद्याची शास्त्रज्ञ आहे!”

टाळ्या पडल्या. मामाने तर शिट्टी मारली. मी जी हवेत गेले ती आठवडाभर खाली आलेच नाही. डॉक्टरांनी उत्तर दिलंच नव्हतं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

घरी येऊन मी मामाच्या मागे लागले. “अरे, तुझ्याच पोटातली चरबी काढणार, त्यातल्या तुझ्याच पेशी तुझ्या डोळ्यात सोडणार. यात वाईट काय व्हायचंय?”

“ताईला विचारू या की.”

“आई नाहीच म्हणणार. ती पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा अर्धी मोडून देते!”

मामा हसला. हसला की तो फसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

एका गुरुवारी आम्ही गेलो. गादीच्या दुकानावर तिसरा मजला, बाहेर माशांची टाकी, आतून अत्तरासारखा वास. फॉर्म मी भरला, नात्याच्या रकान्यात ‘भाची’ लिहिलं. दोन-अडीच तासांत मामा डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आला. घरी सांगितलं, की मशीनची स्प्रिंग उडून डोळ्याला लागली. आई त्याच्यावर खूप ओरडली. “चष्मा लावून काम करायला काय होतं रे तुला? घोडा झालास तरी अक्कल नाही!” मामा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मी, सांगायला लाज वाटते, तोंडावर उशी दाबून हसत होते.

डावा डोळा सुधारला नाही. उलट त्याच्यावर वाफ धरल्यासारखं झालं. क्लिनिकला फोन केला की म्हणायचे, पेशींना वेळ द्या. तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो, तेव्हा दारावर दुसरीच पाटी होती आणि टाकीत पाणी नव्हतं. जिना उतरताना मामा एवढंच म्हणाला, “पायऱ्या मोजत चल, मला कळत नाहीत.” मी मोठ्याने मोजत गेले. त्याने मला एक शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

आणि मग मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला. पेशींच्या उपचाराची चाचणी सुरू होत होती. यादीत मामाचं नाव वर होतं.

लांबलचक कागद मामाला वाचता येत नाही, एकेक शब्द पाइपात पकडावा लागतो. म्हणून अर्ज मी वाचायचा, तो सांगेल ते लिहायचं. दहा प्रश्न सुरळीत गेले. अकरावा असा होता: यापूर्वी डोळ्यावर पेशींचा कोणताही उपचार घेतला आहे का? आणि खाली बारीक अक्षरात: घेतला असल्यास या चाचणीत भाग घेता येणार नाही.

“काय झालं? भोंगा बंद पडला?” मामाने विचारलं.

मी वाचून दाखवलं. तो टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळायला लागला.

“त्या क्लिनिकचा काही कागद आहे आपल्याकडे?”

“नाही.”

“मग तेच लिही. नाही.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

तपासणीच्या दिवशी मी शाळा बुडवून त्याच्याबरोबर गेले. संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई अगदी साध्या होत्या, चपलेचा एक पट्टा शिवलेला. त्यांनी डावा डोळा खूप वेळ बघितला. “ही इजा कशाने?” मामा म्हणाला, “स्प्रिंग.” त्यांनी लिहून घेतलं आणि सांगितलं, की पहिल्या फेरीत जास्त अधू डोळ्यातच पेशी सोडतात, म्हणजे डाव्याच.

मला राहवेना. पैज नव्हती, मैत्रिणी नव्हत्या, तरी मी तोच प्रश्न विचारला. पेशींना कसं कळतं?

बाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. “त्यांना आपोआप नाही कळत गं. आम्ही शिकवतो. आज हे खाद्य, उद्या ते, असं कित्येक आठवडे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणीतरी येऊन खाद्य बदलतं. एवढं करून एखादी पेशी वाट चुकतेच. ती शोधायला शिकण्यात आमची आठ वर्षं गेली.”

“आणि तरी चुकली तर?”

“तर डोळा बिघडू शकतो. म्हणून पहिले फक्त बाराजण. त्यांच्या डोळ्यांत जे होईल त्यावरून पुढच्या सगळ्यांचं ठरणार. बिघडलं तर आमच्या पेशींनी बिघडलं की आधीच्या कशाने, हे आम्हाला कळायलाच हवं. म्हणून तर एवढे प्रश्न विचारतो.”

मी मामाकडे बघितलं. शेजारच्या माणसाकडे बघायला मामाला अख्खी मान वळवावी लागते. त्याने वळवली नाही.

काल फोन आला. बाराजणांत मामाची निवड झाली. आई स्वयंपाकघरात उभी राहून रडली आणि बाबांनी चक्क तिचे डोळे पुसले, जे मी जन्मात बघितलं नव्हतं. मी वर गेले. मामा एका मशीनला तेल घालत होता.

“मामा, त्यांना सांगायला हवं.”

“माहीत आहे मला.”

“माझ्यामुळे झालं रे सगळं.”

“गप. पोराटोरांनी धरून नेलं, असं कुणाला सांगू? बेचाळीस वर्षांचा आहे मी. पायाने चालत गेलो.” त्याने तेलाची बाटली खाली ठेवली, ती टेबलाच्या कडेवरून पडली, मी उचलली. “पण भोंग्या, एकदा चाचणीत गेलो असतो तर कदाचित... माझ्याच्याने नाही बोलवणार. तू बोललीस तर मी आडवा येणार नाही. एवढंच जमेल मला.”

रात्रभर मला वाटत राहिलं, की मी अजून तीच मुलगी असते, ‘हजर’ म्हणायलाही घाबरणारी, तर सभागृहात उठलेच नसते, आणि आज मामाचे दोन्ही डोळे चाचणीसाठी कोरे असते.

आज सकाळी आई-बाबा नाश्त्याला बसले होते. आई यादी करत होती, हॉस्पिटलात काय काय न्यायचं याची. मामा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभा होता.

“आई, ती यादी ठेव जरा. मामाला स्प्रिंग लागली नव्हती.”

“म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. सभागृह, टाळ्या, गुरुवार, अकरावा प्रश्न. मधे बाबा दोनदा म्हणाले, “काय बोलतेयस तू?”  आईने मान वर करून मामाकडे बघितलं, आणि मामाने होकारार्थी मान हलवली.

“कुणाला कळणार आहे?” आई शेवटी म्हणाली. एकदम हळू, मी पूर्वी बोलायचे तशी. “एवढी दोन वर्षं थांबला गं तो.”

“माहीत आहे, आई. जागा जाईल हेही माहीत आहे. पण नऊ वाजता डॉक्टरबाई येतात, आणि मी त्यांना फोन करणार आहे. अर्जात खोटं मी लिहिलंय, तर खरंही मीच सांगणार.”