हिरवी वायर कापलेल्या ॲम्प्लिफायरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना गिटार ॲम्प्लिफायर आहे. गिटारची तार छेडली की तिचा बारीकसा आवाज माझ्याकडे येतो आणि मी तो मोठा करून चारचौघांना ऐकवतो. आवाज वाढवणारे यंत्र आणि स्पीकर एकाच लाकडी पेटीत आहेत, म्हणून मला कॉम्बो म्हणतात. माझ्या पोटात काचेच्या नळ्या आहेत, जुन्या काळच्या रेडिओत असायच्या तशा. लोक त्यांना ट्यूब म्हणतात. माणसांनी माझ्या बाबतीत जे केले ते आठवले की आजही मला खरे वाटत नाही. एवढी शहाणी जात, आणि अशी वागते?

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. नळ्या बसवणाऱ्या बाईंचा हात हलका होता, एवढेच आठवते. पुढे काही वर्षे मी एका हॉटेलच्या बँडमध्ये काढली. बँड मोडला आणि मी नागपूरच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात धूळ खात पडलो.

तिथे एक दिवस रत्नपाल आला. तो गोंदियाजवळच्या कामठ्याचा. राईस मिलमध्ये काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी आपली भीमगीतांची पार्टी घेऊन गावोगावी गायचा. सोबत त्याची बायको अल्काबाई. त्या पार्टीत कोरस गायच्या. माझ्या शेजारी एक नवाकोरा, बिनट्यूबचा ॲम्प्लिफायर ठेवलेला होता. तो एका हाताने उचलता यायचा आणि बटण दाबताच बोलायचा. रत्नपालने एकच चाल दोघांवर वाजवून पाहिली. त्याने हळू वाजवले तेव्हा मी हळुवार बोललो. त्याने जोर लावला तेव्हा माझा आवाज भरदार झाला, वरच्या पट्टीत गाणाऱ्या गवयाचा गळा थोडा खरखरतो तसा. रत्नपालने डोळे मिटून घेतले.

मग दुकानदाराने माझ्या तोंडावर माझे तोटे सांगायला सुरुवात केली.

"भाऊ, घेता तर घ्या, पन याचे नखरे आयकून घ्या. वजन पाहा. चालू केला का आधी गरम होऊ द्या लागते. आदळआपट झाली का ट्यूब ढिल्या होतात, आनि काही वर्सांनी त्या बदलाव्याच लागतात. आवाज अगदीच कमी ठेवला तर याच्यात मजा नाही. स्पीकरची वायर काढून चालू केला तर जळून जाईन. आनि अर्थिंगशिवाय तर याले हातच लावू नका."

मी थक्क झालो. सगळे खरे होते, पण असे चारचौघांत सांगायचे?

अल्काबाईंनी मला हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "आवो, हा गिटारचा डब्बा आहे का धानाची कोठी? उचलन कोन?"

"मी उचलीन ना," रत्नपाल म्हणाला. "असा आवाज दुसऱ्यात नाही."

त्याने खरोखरच मला उचलले. सगळे दोष ऐकून घेऊनही कोणी आपल्याला पसंत करावे, याचे मला फार अप्रूप वाटले. त्या माणसासाठी जीव ओतून वाजायचे, असे मी तेव्हाच ठरवले.

सुरुवातीला लोक कुरकुरले. भीमगीताला पेटी आणि ढोलकी असते, हे गिटार कुठून आले? पण पहिले गाणे संपले की कुरकुर थांबायची. बाया-माणसे जवळ येऊन मला न्याहाळायची आणि "बापा, किती गोड वाजते!" म्हणायची. कौतुक खूप, निगा मात्र शून्य. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मला फळ्यांवर नुसते टाकून द्यायचे. काचेच्या नळ्या पोटात थरथरायच्या. एकदा तर कोणीतरी माझ्या डोक्यावर सरबताचा जग ठेवला. वीज खेळते त्या पेटीवर सरबत! मी कार्यक्रमभर जीव मुठीत धरून वाजलो.

पण खरा घात केला तो देवीदासने. देवीदास अल्काबाईंचा धाकटा भाऊ. वायरी जोडायचे काम त्याच्याकडे होते. एका गावी शेजारच्या घरातून वीज घेतली होती आणि त्या बोर्डाला दोनच छिद्रे होती. माझा प्लग तीन पिनांचा. देवीदासने पक्कड काढली, माझा प्लग कापून टाकला आणि दोन पिनांचा बसवला. एक हिरवी वायर उरली. ती त्याने मुळाशी छाटली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली.

"हे हिरवी कायले पाह्यजे, भाऊजी? करंट तर दोनच वायरीत राह्यते," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुकानदाराचे बोलणे रत्नपालनेही कानाआड केले.

मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होतो. माझ्या लोखंडी सांगाड्यात चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत नेऊन सोडणे हे त्या हिरव्या वायरीचे काम. एरवी तिला काही काम नसते, म्हणून ती सगळ्यांना फुकटची वाटते. माझा सांगाडा गिटारच्या तारांशी जोडलेला असतो. तिथे उतरलेली वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत जाते.

लवकरच रत्नपालच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. "देवीदास, तारीले करंट लागून राहिला," तो म्हणायचा. देवीदास पिन काढून उलटी खुपसायचा. झिणझिण्या कमी व्हायच्या. "आता पाहा! आनि चप्पल घालून वाजवत जा, काही होत नाही," असा वर सल्लाही द्यायचा. हळूहळू हा नेमच झाला. आधी गिटार सुरात लावायची, मग माझी पिन उलटी करून पाहायची. करंट लागतो हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि कोणालाही त्याची भीती वाटत नव्हती! माझ्या आतला एक जुना भाग दिवसेंदिवस खराब होत होता आणि सांगाड्यात वीज अधिकाधिक उतरत होती.

बुद्ध पौर्णिमेला एका गावच्या विहारात कार्यक्रम होता. एरवी लाकडी मंच असायचा. त्या दिवशी मंच नव्हता. धूळ बसावी म्हणून अंगणात भरपूर पाणी शिंपडले होते आणि ओल्या मातीवर पातळ सतरंजी अंथरली होती. समोर बुद्धमूर्ती होती. मूर्तीपुढे चप्पल घालून कोण उभे राहील? रत्नपालने चपला काढल्या, हात जोडले आणि गिटार गळ्यात अडकवली. त्याची श्रद्धा मला दिसत होती. त्याच्या पायाखालची ओलही दिसत होती.

त्याने तारांवर बोटे ठेवली, ओल्या मातीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावरच्या माइकजवळ तोंड नेले आणि त्याचे ओठ माइकला टेकले.

वीज माझ्यातून त्याच्यात गेली. मी ती अडवू शकत नव्हतो. त्याची बोटे गिटारच्या दांड्यावर आवळली, मान मागे गेली, सगळे अंग थरथरू लागले. मी घोंऽऽ करून गरजलो. आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटले, गडी रंगात आला.

"वा भाऊजी!" देवीदास ओरडला.

अल्काबाई मात्र रत्नपालच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्या धावल्या. त्यांनी त्याला हात लावला नाही. बोर्डापर्यंत जाऊन त्यांनी माझी वायर हिसडून काढली. मी मुका झालो आणि रत्नपाल ओल्या सतरंजीवर कोसळला. टाळ्या तेव्हा कुठे थांबल्या.

त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेले. तो वाचला. डाव्या हाताची बोटे भाजली होती, ती बरी व्हायला बरेच दिवस लागले. तोवर गावभर माझी बदनामी झाली. हा डबा मारका आहे, भंगारात द्या, असे जो तो म्हणू लागला. देवीदास सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता. मी सुन्न होऊन कोपऱ्यात पडलो होतो.

बोटे बरी झाली तरी रत्नपाल गिटारला हात लावेना. तो रोज माझ्यासमोर येऊन बसायचा आणि तसाच उठून जायचा. घरात गाणेच बंद झाले. ते अल्काबाईंना पाहवेना. त्यांनीच गोंदियाहून भूपेंद्र नावाच्या मेकॅनिकला बोलावले.

भूपेंद्रने मला उघडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ये हरी वायर किसने काटी भैया?"

देवीदासची मान खाली गेली. "मीच कापली," तो म्हणाला आणि तिथेच मटकन बसून रडू लागला. एवढा मोठा गडी असा रडेल असे मला वाटले नव्हते. माझा राग तिथेच ओसरला.

भूपेंद्रने खराब भाग बदलला, नवी हिरवी वायर आणि तीन पिनांचा प्लग लावला. देवीदासने अंगणात खड्डा खणला आणि मीठ-कोळसा घालून घराला अर्थिंग करून घेतले. भूपेंद्रने माझ्या सांगाड्याला, मग तारांना टेस्टर लावून पाहिला. तो पेटला नाही.

"अब बजाओ," तो म्हणाला.

रत्नपालने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे.

"थांबा," अल्काबाई म्हणाल्या. "आधी मी."

"काऊन? तू नोको!" रत्नपाल ओरडला. पण तोपर्यंत त्यांनी पायातल्या चपला बाजूला सारल्या होत्या. अनवाणी उभ्या राहून, डोळे घट्ट मिटून, त्यांनी अख्खा तळहात तारांवर दाबला.

मी श्वास रोखून धरला होता. काही झाले नाही. सगळ्या तारा एकदम दबल्यामुळे माझ्यातून एक बेंगरूळ आवाज निघाला. अल्काबाईंनी डोळे उघडले. रत्नपालने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मित्रांनो, त्यानंतर रत्नपाल पुन्हा वाजवू लागला. मीही वाजतो. पण त्या बाईचे मिटलेले डोळे माझ्यासमोरून जात नाहीत. तुमच्या घरातल्या मिक्सरची, पंख्याची, कुलरची तिसरी पिन कोणी काढून टाकली असेल, तर ती आजच बसवून घ्या. वीज उतरली आहे की नाही हे पाहायला कोणाच्याही घरच्या माणसाला आपला तळहात पुढे करावा लागू नये.