उजव्या कडेची शिवण

मोठ्या डोळ्यांची एक पोरगी पाण्याच्या टाकीवर उभी आहे. डोक्यावर घागर. घागरीत सूर्य.

गव्हाच्या पिठाची खळ, चिमूटभर मोरचूद. पुस्तकाला कसर लागत नाही.

रिक्षावाले म्हणतात, उदगीर आता जिल्हा होणार. पाण्याचं विचारलं की ते रिक्षा चालू करतात.

मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येतं. लोक रेल्वेबरोबर फोटो काढून घेतात.

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. जपानी?

"रेल्वे तुटली," जोहरा म्हणाली.

आतून तिची सून हुसेनबी पदराला हात पुसत धावत आली. "या अल्ला! कुठं तुटली? आता पाणी कसं येणार अम्मी?"

"ती न्हाई गं. ही. पुस्तकातली."

हुसेनबीने कपाळाला हात लावला. "जीव गेला ना माझा."

लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या बोळात हे दुकान होतं. म्हणजे घराचीच पुढची खोली. पाटीवर 'लालमहंमद बाइंडर' असं तीन लिप्यांत लिहिलेलं. लालमहंमद जोहराचा नवरा. हिवाळ्यात तो गेला. त्याच्यानंतर जोहराने एकटीने घेतलेलं हे पहिलं काम.

काम आणलं होतं गौरम्माने. ती कर्नाटकच्या सीमेवरच्या देवणीकडची, डॉक्टरकीच्या शिकवणीसाठी लातूरच्या वसतिगृहात राहणारी. शिकवणीच्या नोट्स बांधायला पोरं येतातच. हिने आणली होती चित्रं. जाड कागदाच्या दोन्ही बाजूंनी, दौतीत टाक बुडवून काढलेली. जपानी चित्रकथांसारखी, चौकटी-चौकटींची चित्रकथा, पण गोष्ट लातूरची: पाण्याच्या रेल्वेमागे धावणारी पोरगी. पुण्यात अशा चित्रकथांच्या वेड्यांचा मेळा भरणार होता. हाताने केलेली पुस्तकं तिथे टेबलावर मांडणार, आणि ॲनिमेशनवाले लोक येऊन ती चाळणार. दुसरी प्रत नव्हती. संध्याकाळच्या गाडीने तिला निघायचं होतं.

काम देताना ती म्हणाली होती, "खाला, टीव्हीवर ती जपानी कार्टूनं लागतेत बघा, हिंदीत बोलणारी."

"बघते की. कागद घडी घालता घालता. डोळे केवढाले पोरांचे! आणि जरा काय झालं की केस उभे."

"ती सगळी आधी पुस्तकं असतेत. पुस्तक गाजलं की मग त्याचं कार्टून करतेत."

जोहराचे हात थांबले होते. "म्हंजे टीव्हीच्या आधी बाइंडर लागतोच."

गौरम्मा खूप हसली होती. जोहरा हसली नव्हती. दिवसभर ते वाक्य तिने मनात घोळवलं होतं, आणि सगळ्यात चांगला दोरा काढला होता.

आता पुस्तक तयार होतं. खळ वाळलेली, निळं कापड ताणून बसलेलं, पुठ्ठ्याचे कोपरे टोकदार. जोहराने ते मधोमध उघडलं. दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र होतं: पाण्याची रेल्वे. डावीकडच्या पानावर टाक्यांचे डबे. उजवीकडच्या पानावर इंजिन, तोंड डावीकडे. इंजिन आपल्याच शेवटच्या डब्यावर आदळायला निघालं होतं.

डावं पान उजवीकडे हवं होतं.

तिला कळायला वेळ लागला नाही. जपानी पुस्तकही उर्दूसारखं उजवीकडूनच उघडत असणार. पोरीने चित्रं तशीच काढली होती, आणि जोहराने शिवण घातली होती डाव्या कडेला.

चौकट: जोहरा, तरुण. एका शाळेची पुस्तकं तिने सवयीने उर्दूसारखी, उजवीकडून शिवली आहेत. मुख्याध्यापक ती दुकानाच्या पायरीवर आपटून गेले आहेत. लालमहंमद शिव्या ऐकून घेतो आहे आणि बायकोचं नाव सांगत नाही.

चौकट: त्यानंतरची सगळी वर्षं. मराठी अक्षर दिसलं की जोहराचा हात डावीकडे जातो.

गौरम्माच्या पुस्तकातली अक्षरं मराठी होती.

गौरम्मा पाठीवर पिशवी अडकवूनच आली. पुस्तक हातात घेतल्या घेतल्या तिचा चेहरा फुलला. मग तिने ते उजवीकडून उघडलं, आणि शेवटचं पान आलं.

"अगं अव्वा," ती हळूच म्हणाली.

"डावीकडून शिवलं मी," जोहरा म्हणाली. "तू सांगितलं न्हाईस, मी विचारलं न्हाई."

"मला वाटलं… तुमच्या दुकानात एवढी उर्दू पुस्तकं. तुम्हाला सांगायचं काय त्यात?"

"मला वाटलं, मराठी हाय."

हुसेनबी दारात उभी होती. तिला गप्प राहणं जमत नसे. "चालतंय की! पुण्याच्या लोकांना काय कळतंय? इंजिन मागं, डबे पुढं. आपल्याकडं असंच असतंय."

गौरम्माला हसू आलं, डोळ्यांत पाणीही. "राहू द्या खाला. मी सांगते तिथं, माझंच चुकलं म्हणून."

"का? शिवलं कुणी?"

"पण आता वेळ कुठं हाय? उसवताना शाई पसरली म्हंजे? पाण्यात विरघळणारी शाई हाय ती."

जोहराने पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. "बस. हुसेनबी, पाण्याची कळशी आण."

"कोणती?"

"हाय ती."

"अम्मी, ती प्यायची हाय! टँकर कधी येतंय, ठाव हाय का? पुस्तकाला पाणी पाजता काय?"

"वाटीभर दे. माझ्या वाटणीचं दे."

हुसेनबीने वाटी आणून ठेवली, जरा आपटूनच. मग तीच वाटी उचलून सावलीत सरकवली. उन्हाने कमी होऊ नये म्हणून.

जुन्या कुराणांची पानं सुटी करायचं काम या घरात नेहमीचं. पण ती शाई पक्की असते. इथे ओल एक बोटभर आत गेली असती तर रेल्वेचं काळं वंगण पोरीच्या चेहऱ्यावर उतरलं असतं. जोहराने जुन्या मलमलीची चिंधी वाटीत बुडवून पिळली, पिळलेलं पाणी परत वाटीत पाडलं. चिंधी पुस्तकाच्या कण्यावर दाबून धरली. घासली नाही, नुसती धरली.

"दाबून धरायचं," ती म्हणाली, "तापल्या लेकराच्या कपाळावर धरतो तसं."

"किती वेळ?"

"खळ म्हणते तवर."

गौरम्मा उकिडवी बसून बघत राहिली. तिच्या गाडीची वेळ होत आली होती, पण ती घड्याळाकडे बघेना. निळं कापड कडेने सुटू लागलं. जोहराने नख घातलं आणि न फाडता सोलून काढलं. दोरा कापला. एकेक पान वेगळं झालं, आणि प्रत्येक पानाची ओली कड तिने टीपकागदात धरून सुकवली. पहिली काही पानं सुकल्यावरच तिने मान वर केली.

"शाई?" गौरम्माने विचारलं.

"जाग्यावर हाय."

हुसेनबी केव्हा जोहराच्या बाजूला येऊन बसली कळलं नाही. ती टीपकागद पुढे करत होती आणि हळू आवाजात म्हणत होती, "पाटीवर अब्बांचं नाव हाय अम्मी. कुणी विचारलं तर सांगायचं, त्यांच्या वेळचा जुना दोरा होता, तुटला."

"मेलेल्या माणसानं माझी चूक किती वेळा अंगावर घ्यावी गं?" जोहरा म्हणाली. हुसेनबीने पुढचा टीपकागद दिला.

उजव्या कडेला तिने नवी भोकं पाडली. सुई डाव्या कडेला जायला बघत होती. जोहराने हात थांबवला, पुस्तक फिरवलं आणि शिवायला घेतलं. पहिले टाके सावकाश पडले. मग हात मोकळा सुटला, उर्दूची जुनी सवय परत आल्यासारखा. डाव्या कडेची जुनी भोकं तिने पातळ कागद खळीने चिकटवून बुजवली. तरी बारीक ठिपक्यांची एक रांग दिसत राहिली.

"ही जाणार न्हाई," ती म्हणाली. "कड कापली तर चित्र जातंय."

गौरम्माने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "असू द्या. बरं दिसतंय."

"बरं दिसत न्हाई. पण मजबूत हाय."

पुस्तक दाबयंत्रातून काढलं तेव्हा कापड अजून गार होतं. गौरम्माने उजवीकडून उघडलं. पोरगी आली, घागर आली, घागरीतला सूर्य आला. मग मधलं पान. इंजिन पुढे, त्याच्यामागे डबा, डब्याला डबा, मधल्या शिवणीवरून न अडखळता रेल्वे एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली.

"वा गं!" हुसेनबी म्हणाली. "सुटली की गाडी."

"तुझी सुटंल आता," जोहरा गौरम्माला म्हणाली. "पळ."

पण गौरम्माने पिशवीतून टाक काढला. शेवटच्या पानावर तिने कथा आणि चित्रं यांच्यापुढे आपलं नाव लिहिलं होतं. खाली 'बांधणी' लिहून जागा मोकळी सोडलेली. "लालमहंमद बाइंडर लिहू ना?"

जोहराने दाबयंत्राची मूठ पुसली. पुसलेली मूठ पुन्हा पुसली.

"जोहरा लिही."

"जोहरा लालमहंमद?"

"नुसतं जोहरा. शिवलं बी तिनं, उसवलं बी तिनं."

गौरम्माने लिहिलं. शाई वाळेपर्यंत तिघींपैकी कुणी पान मिटू दिलं नाही. मग ती बोळातून पळत सुटली, पुस्तक छातीशी धरून, बंद बाजू उजव्या हाताला.

वाटीत थोडं पाणी उरलं होतं, पिठाने गढूळ झालेलं. हुसेनबीने ते दारातल्या कडकडीत वाळलेल्या मेंदीच्या बुडात ओतलं.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी जोहरा लग्न होऊन या घरात आली, आणि तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या हातात सुई दिली. पुस्तकात तिचं नाव आलं ते आज पहिल्यांदा.